पत्रिकांचा खर्च माझा

१० एप्रिल २०११, रविवार

साठ रुपयांना एक! एक लग्नपत्रिका साठ रुपयांना! आणि हसुरामकाका ती हातात धरून अशी कुरवाळत होते जसं काही पहिलं नातवंड.

लाल मखमलीचा डबा. डब्याला सोनेरी गोंडा. आत उठावाचा गणपती. त्याच्यामागे एकेक सुटं पान — देवकाचं वेगळं, मांडवाचं वेगळं, हळदीचं वेगळं, लग्नाचं वेगळं, आणि शेवटी नुसती नावं. पाहुणे, मानकरी, पुढारी. पुढाऱ्यांचे फोटोसुद्धा! भाविकाचं लग्न आहे की निवडणूक आहे?

"आपले पट्ट्यान अशी पत्रिका कोनी काडली नसंल," काका म्हणाले. काढली असेल की! मागच्या मे महिन्यात शेजारच्या आळीत एक पत्रिका आली होती, उघडली की सनई वाजायची. तसलंही एक सॅम्पल काकांनी आणलं आहे. उघडलं तर वाजलं, मिटलं तरी वाजतच राहिलं. आईने वैतागून ते तांदळाच्या डब्यात खुपसलं. संध्याकाळी भाताला तांदूळ काढायला गेली तर आतून पुन्हा पीं पीं पीं. मला हसू आलं होतं. पण हसले नाही. हसले असते तर काकांना वाटलं असतं मी राजी झाले.

कारण पैसे मी देणार आहे. साखरपुड्यात सगळ्यांसमोर मीच बोलून बसले — पत्रिकांचा खर्च माझा! कुणी मागितले नव्हते. बाबांनी प्लॉट विकला आहे, त्यांचा हात आखडलेला नाही. पण मला या लग्नात दुसरं आहे काय? धाकट्या बहिणीला हळद लावायला सवाशिणी लागतात — मी नाही. देवकाला जोडपं लागतं — मी नाही. सात वर्षं संसार करून परत आलेल्या मोठ्या बहिणीने काय करायचं, पंगतीत पाणी वाढायचं? म्हणून म्हटलं, पत्रिका माझी. घरोघर जाणारी ती एक वस्तू तरी माझी असू दे.

आता साठ रुपये म्हणे.

११ एप्रिल

तळोज्याला जाताना रिक्षात चौघांच्या मध्ये चेपून बसले होते. शेजारच्या म्हाताऱ्याने तंबाखू मळून पिंक टाकली, अर्धी वाऱ्याने आत. माझ्या ओढणीवर! तेव्हाच ठरवलं — काकांची साठवाली नाही म्हणजे नाही. दीड हजार पत्रिका म्हणजे माझी स्कूटी आणि वर होती नव्हती ती शिल्लक. दोन वर्षं तिच्यासाठी पगारातून बाजूला टाकते आहे. रंगसुद्धा ठरलेला आहे. राखाडी.

कंपनीत डिस्पॅचची चलानं लिहिताना दोनदा चुकले. साहेब म्हणाले, "घरी लग्न आहे ना, चालायचंच." चालायचंच काय! मला चुकायला आवडत नाही.

१३ एप्रिल

कंपनीतून परस्पर पनवेलला गेले. भाविका स्टँडवर येऊन थांबली होती. दोघी जमालभाईंच्या छापखान्यात.

जमालभाई बोलायला बसले की मशीनपेक्षा जास्त आवाज. आपल्या पट्ट्यातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका त्यांच्याकडच्या. "बेटी, आमच्या पत्रिकेवर झालेलं लग्न मोडलं असं ऐकलंस कधी?" म्हणाले, आणि मग एकदम जीभ चावली. माझ्या लग्नाच्या पत्रिका त्यांनीच छापल्या होत्या. मी म्हटलं, "ऐकलंय की." बिचारे उठून चहा सांगायला गेले.

कॉम्प्युटरवर त्यांची मुलगी ताहिरा बसते. भाविकाच्या वयाची, बोटं भराभर चालतात. तिने एक कार्ड काढून दाखवलं. हळदीच्या रंगाचा जाड कागद, एकच घडी, आत एकच पान आणि त्यावर सगळे कार्यक्रम ओळीने — तारीख, वेळ, जागा. बस. पंधरा रुपये. "दीदी, हे लोक ठेवून देतात. डबेवाल्याचे डबे बायका बांगड्यांना वापरतात," ताहिरा म्हणाली.

भाविकाला पण आवडलं. "क्लासी आहे ताई." येताना दोघींनी स्टँडजवळ उसाचा रस प्यायला. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. पंधरा रुपयांत सगळं बसतं आहे आणि माझी स्कूटीही राहते आहे.

१४ एप्रिल

डोकं तडकलं आहे! सुट्टी होती म्हणून सकाळीच घरात बैठक बसली — नावं लिहायला. काका सांगणार, मी लिहिणार. अक्षर माझं चांगलं ना!

निमंत्रक झाले. काका-काकू, मामा-मामी, आत्या झाल्या. मग काका म्हणाले, "आता लिव. सौ. कुमुद व श्री. धनेश मढवी."

माझं पेन थांबलं.

मी म्हटलं, काका, डिसेंबरात कोर्टाने घटस्फोट दिला. तुम्ही वाचलाय तो कागद. तर म्हणाले, "कोरटाचं कोरटान. पत्रिका समाजान जाते."

म्हणजे असं. भाविकाला दिली आहे उरणला. मुलगा तिकडे कंटेनर यार्डात सुपरवायझर, घर चांगलं. त्या माणसांना सांगितलं आहे की थोरलीची नोकरी तळोज्याला, म्हणून ती आईकडे राहते. आणि त्यांनी म्हणे मानलं! कोण मानतं? पनवेल-उरणमध्ये कुणाच्या घरी काय शिजलं हे संध्याकाळपर्यंत कळतं. माहीत सगळ्यांना आहे. फक्त कागदावर दिसायला नको!

मी नाही म्हटलं. खर्च माझा, नाव माझं — कुमुद बाळाराम भोईर. त्याच्यापुढे कुणी नाही.

तर बाबा, माझे बाबा, हळूच म्हणाले, "मंग तुजं नावच नको घालू." असं म्हणाले जसं काही भाजीत मीठ नको घालू.

आई मांदेली साफ करत बसली होती. मान वर केली नाही. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणते, "मना काय कलतंय? तुमी शिकलेले." तुला कळत नाही? माझं मनगट मोडलेलं तूच शेकत बसलीस महिनाभर, आणि तुला कळत नाही?

उठून आले. यादीचा कागद काकांच्या पुढ्यात टाकला.

१५ एप्रिल

आजही राग तसाच. जेवले नाही. भाविकाने ताट आणून ठेवलं, मग खाल्लं. तिच्यावर कशाला काढू?

१७ एप्रिल, रविवार

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

काका सकाळी आले. ओट्यावर बसले. त्यांचा रेती-खडीचा धंदा, सकाळी दोन डंपर सोडूनच येतात, अंगाला धूळ. मी चहा दिला आणि आत वळले तर म्हणाले, "बस. तुजं नाव पायजे ना पत्रिकेवं?"

पाहिजे.

"एकटीचं?"

एकटीचं.

"मंग माजी साठवाली घे. पंधराची काडलीस त लोक बोलतील, भोईरांकडं काय ऱ्हायलं नाय. पोरगी परत आली, पत्रिका पन फाटकी. साठवाली काड, डबा बगून कोनाला नावा वाचाची याद पन ऱ्हानार नाय."

सौदा! सख्ख्या पुतणीशी सौदा! माझंच नाव मला विकत! मी म्हटलं, आणि डबा मी घेतला तर मागे फिरणार नाही? म्हणाले, "हसुराम बोलला त बोलला."

या माणसाचं मला कधी कळलंच नाही. त्या दिवशी धनेशच्या घरून मला आणायला टेम्पो काकांचाच होता. स्वतः चालवत आले. माझी पेटी, शिलाई मशीन, सगळं एकट्याने चढवलं. पण रस्ताभर एक शब्द नाही. कशी आहेस, दुखतंय का — काही नाही. मी खिडकीतून बाहेर बघत रडत होते आणि ते गिअर टाकत होते. आजही तसेच. डोळ्यांत बघून बोलत नाहीत.

दुपारभर विचार केला. पंधराची काढते तर घरात रोज तोच वाद, आणि शेवटी बाबा म्हणतात तेच होणार, नावच गळणार. साठची काढते तर स्कूटी गेली. स्कूटी गेली तर पुढच्या वर्षी घेईन. नाव गेलं तर दीड हजार घरांत गेलं, ते परत कुठून गोळा करणार?

हो म्हटलं. साठची. राखाडी स्कूटीला रामराम.

एवढं महाग नाव पनवेल तालुक्यात कुणाचं नसेल!

२० एप्रिल

छापखाना. ताहिराने सगळी पानं कॉम्प्युटरवर लावून ठेवली होती. देवक, मांडव, हळद, लग्न. नावांच्या पानावर आम्ही एकेक ओळ वाचत गेलो. माझ्या ओळीवर ती थांबली.

"दीदी, नावाआधी काय टाकू?"

म्हटलं काही नको.

"म्हणजे सगळ्यांच्या आधी आहे ना. श्री., सौ., चि., कै. तुमचंच उघडं दिसतंय."

दिसू दे. 'सौ.' मी नाही. 'कु.' म्हणायला तेहतीस वर्षांची घोडी. आणि 'श्रीमती' लिहिलं तर निम्मे लोक विचारणार, धनेश कधी गेला! क्षणभर वाटलं, लिहूनच टाकावं. ताहिरा तोंडावर हात ठेवून हसायला लागली, मीही हसले. जमालभाई आतून ओरडले, "क्या हुआ?" काही नाही म्हटलं.

नाव तसंच ठेवलं. कुमुद बाळाराम भोईर. एका ओळीत एकटं. प्रुफावर सही केली. आगाऊ पैसे दिले, बाकीचे माल मिळाल्यावर.

घरी भाविकाला सांगितलं. ती आरशासमोर नथ लावून बघत होती. "मस्त ताई," म्हणाली. "तू जिंकलीस." जिंकले खरी.

२३ एप्रिल

शनिवारी हाफ डे. भाविका ब्लाऊज घालून बघायला पनवेलला गेली होती, ऊन उतरल्यावर आली. शिंपिणीने खूप बसवलं म्हणाली. माझ्यासाठी अबोलीचा गजरा आणला. माझे केस आता केवढे उरलेत, तरी बसून माळला. आणि मग कारण नसताना गळ्यात पडली. लग्न जवळ आलं की मुली अशाच होतात. मीही झाले होते.

२८ एप्रिल

अक्षर वाकडं येतं आहे, येऊ दे.

पत्रिका आल्या. काकांनी जीपमधून खोके उतरवले. आळीतल्या बायका जमल्या, डबा बघून आ वासून राहिल्या. गणपती बघितला. मांडवाचं पान, हळदीचं पान. मी शेवटचं पान ओढलं.

सौ. कुमुद व श्री. धनेश मढवी.

तिथेच उभी राहिले. बायका म्हणत होत्या काय सुंदर, काय सुंदर. मी दुसरा डबा उघडला. तिसरा उघडला. जसं काही एखाद्यात तरी वेगळं असेल!

मग मी ओरडले. आळीसमोर, सगळ्यांसमोर ओरडले. हसुराम बोलला त बोलला — हे तुमचं बोलणं? माझी स्कूटी घेतलीत, माझे पैसे घेतलेत, आणि नाव कुणाचं छापलंत! त्या माणसाने माझा हात मोडला आणि तुम्ही मखमलीत गुंडाळून त्याला मिरवताय! लाज नाही वाटली?

काका खोका हातात घेऊन उभे. आधी हातातल्या पत्रिकेकडे बघितलं. मग दाराकडे. दारात आई होती, भाविका होती. मग म्हणाले, "छापलं ते छापलं. आता गप ऱ्हा."

बस एवढंच. ना हो, ना चुकलो.

छापखान्यात फोन केला. जमालभाई गडबडले. "बेटी, तुमच्या घरूनच येऊन सांगितलं. घरच्या माणसाने सांगितल्यावर मी कोण..." ऐकायचं काय त्यात? फोन ठेवला. बाकीचे पैसे देणार नाही म्हणून सांगायचं राहिलं. देणार नाहीच! मी सही केली ते छापलं नाही, मी पैसे देणार नाही.

भाविका रडते आहे. तिला सांगितलं, तू रडू नकोस, तुझं लग्न आहे.

२९ एप्रिल

काळं मार्कर आणलं. बसले एकेक डबा उघडून नाव खोडायला. मूठभर झाल्या असतील, आई आली आणि हातातून मार्कर काढून घेतलं. "लग्नाचे कागदावं कालं? भाविकाचे लग्नाचे?"

नवीन छापायला दिवस नाहीत. पैसे तर नाहीतच.

१ मे

वाटायला सुरुवात. पहिली गावदेवीला ठेवली, मग भावकीत.

आणि आता बघा गंमत! आमच्यात रीत आहे — पत्रिकेत ज्याचं नाव छापलं त्याच्या घरी जाऊन, हळद-कुंकू लावून, हातात अक्षता द्यायच्या. पोस्टाने नाही, निरोपाने नाही. नाव छापलं म्हणजे बोलावलं, आणि बोलावलं म्हणजे त्याचा मान आला. मग श्री. धनेश मढवींना कोण देणार? छापताना सुचलं नाही कुणाला!

बाबा काकांना म्हणाले, तू जा. काका म्हणाले, "मी नाय जात त्याचे दारान." बघा! नाव घालायला पुढे आणि तोंड दाखवायला मागे! शेवटी बाबाच गेले, आळीतल्या बाळूच्या रिक्षाने. संध्याकाळी आले, पाय धुवून बसले. खोदून विचारल्यावर सांगितलं. धनेशने डबा उघडून नाव वाचलं, त्याच्या आईला दाखवलं, आणि म्हणाला, "मांडवाला येतो. मोठ्या जावयाचा मान माजा हाय."

आमच्याकडे मांडवाच्या दिवशी उंबराची फांदी मोठा जावई तोडून आणतो. ती मांडवाच्या खांबाला बांधतात, मगच पुढचं सगळं. आणणाऱ्याला टोपी, टॉवेल, ओवाळणी. ती फांदी धनेश आणणार. आणि मी कुठे उभी राहायचं?

५ मे

बाजारात शाळेतली मालू भेटली. माझे हात धरून म्हणते, "पत्रिका बघितली गं. परत नांदायला गेलीस ना? बरं केलंस. एकटीचं काय खरं आहे!"

मी नाही म्हणून सांगितलं. मोठ्याने सांगितलं. भाजीवाली बघायला लागली. मालू म्हणाली, "असं कसं, छापलंय ना."

छापलंय ना! म्हणजे कोर्ट खोटं, मी खोटी, माझं मनगट खोटं, आणि हसुराम भोईरांची मखमल खरी!

८ मे

काकांशी बोलत नाही. ते येतात, मी आत जाते. काकूने भाकऱ्या पाठवल्या, परत पाठवल्या. आई म्हणते, घरात लग्न आहे, असं करू नये. मी म्हटलं, घरात लग्न आहे म्हणून तर इथे आहे, नाहीतर कामोठ्यात खोली घेऊन राहिले असते एव्हाना.

भाविका जेवत नाही धड. शेजारी झोपते, कूस बदलत राहते. आज विचारलं, "ताई, तू माझ्यावर रागावली नाहीस ना?" मी म्हटलं, वेडी का गं, तुझ्यावर कशाला? तर उशीत तोंड घालून पडली. त्या माणसाने या पोरीच्या लग्नाचा आनंदसुद्धा नासवला.

१३ मे, शुक्रवार

आज मांडव.

सकाळी आठाच्या सुमाराला पांढरी गाडी आली. धनेश, त्याचे तीन-चार मित्र. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात पत्रिकेचा तो डबा! जसं काही पास दाखवून आत सोडणार. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. माझं मनगट आपोआप दुखायला लागलं, खरंच, उगाच लिहीत नाही.

काका खांबाशी उभे होते. हातात कोयता. फांदी तोडायलाच घेतलेला. पण धनेशच्या मित्रांनी तो बघितला आणि गाडीजवळच थांबले.

"काका, मानाचं काय ते आटपा, मना कामाव जायाचंय," धनेश म्हणाला.

"कसला मान?"

"मोठा जावय मी. ह्यो बगा, छापलाय." डबा उघडून पान पुढे धरलं.

काकांनी पान बघितलंही नाही. म्हणाले, "तुजं नाव कागदाव हाय. मांडवान नाय. कागद घे नि जा."

धनेश आवाज चढवायला लागला, बोलावून अपमान करता, चार माणसांत सांगेन. काकांनी ताटातला टोपी-टॉवेल उचलला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. "ह्यो पायजे ना? बाजारान शंबरला भेटतो. पोरीचे हाताचं काय ते मी इसरलो नाय. टेम्पोन तिचे बाजूला मी बसलो व्हतो. निंग."

गेला! शिव्या घालत गेला, पण गेला. टॉवेल घेऊन गेला.

आळी सगळी बघत होती. बाबा खाली बघत होते. आणि काका वळले, खिडकीकडे बघून मला म्हणाले, "कुमुद, चल. उंबर तोडाला. थोरली लेक हायस ना."

मी गेले नाही.

काय समजतात? आधी स्वतःच छापायचं, स्वतःच बोलवायचं, मग आळीसमोर स्वतःच हाकलून शूर व्हायचं! नाटकं! आणि वर मला फांदी द्यायची, खाऊ दिल्यासारखी! दीड हजार घरांत माझं नाव पुसून? मी खिडकी लावून घेतली. जोरात लावली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

काका कोयता घेऊन एकटेच गेले. फांदी आणली, बांधली. दुपारी मी बाहेर आले तेव्हा ती तिथे होती. मी बघितलं नाही तिच्याकडे.

१५ मे

लग्न लागलं. भाविका फार सुंदर दिसत होती. पाठवणीला मला सोडेचना. माझ्या खांद्यात तोंड खुपसून नुसतं "ताई, ताई". उरणच्या विहीणबाई म्हणाल्या, "मोठे जावई नाय दिसले?" मी म्हटलं, मोठे जावई नाहीत, माझा घटस्फोट झालाय. म्हणाल्या, "माहीत हाय गो. लोक ऐकत व्हते ना, म्हनून इचारलं." आणि पंगतीकडे वळल्या.

माहीत होतं त्यांना! पहिल्यापासून! मग कुणासाठी छापलं हे सगळं?

१८ मे

जमालभाईंचा निरोप आला, बाकी राहिली आहे. म्हटलं जाऊन तोंडावर सांगून येते, माझ्याकडून एक पै मिळणार नाही, काकांकडून घ्या.

जमालभाई नव्हते. ताहिरा होती. मी काकांचं नाव काढलं तर ती गोंधळून बघायला लागली. "काका? दीदी, काका तर फक्त खोके उचलायला आले होते. बदल करायला भाविका आली होती. त्या शनिवारी. तिच्या सासूचा फोन आला होता म्हणे, पत्रिकेत मोठे जावई आहेत ना म्हणून. खूप रडत होती. ताईला मी सांगेन म्हणाली. तिने नाही सांगितलं?"

मी बाकीचे पैसे देऊन आले.

काका ओट्यावर पाय धुवत होते. समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं?

"खोका उगाडला तवा कललं. दारान तिचं तोंड बगितलं ना."

मग बोलला का नाहीत? अख्ख्या आळीसमोर मी तुम्हाला —

"माजेवर त तू वराडतस, मंग गप होतस," पायावर पाणी ओतत म्हणाले. "तिचेवर वराडली असतीस त ती मांडवान उबी ऱ्हायली असती का?"

मला ती जोरात लावलेली खिडकी आठवली.

उद्या मांडव उतरवायचा आहे. फांदी सोडवायला मी जाणार आहे, काकांना तसं सांगून आले. परवा भाविका पहिल्यांदा माहेरी येते. तिला काय म्हणायचं, अजून ठरलं नाही.